डाव्या मनगटावरचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना मनगटपट्टा आहे. जुना म्हणजे दहा दिवसांचा. आमच्या जातीत तीन दिवस जगला तो आजोबा.

आडा गावात, व्होल्टा नदी समुद्राला मिळते तिथं, गाण्यांची जत्रा भरली आणि मी कामाला लागलो. कापडाची पट्टी, पोटात तांदळाएवढा दाणा आणि त्या दाण्यात माणसाचे पैसे. यंत्राला टेकवलं की टिंग. नोटांना आत बंदी.

फाटकावरच्या माणसाला वाटलं, उजव्या हातानं लोक केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, न् मासे खाणार, पट्टा बरबटायला नको. म्हणून त्यानं आम्हाला सगळ्यांच्या डाव्या मनगटावर बांधलं. पैसे कुठल्या हातानं दिले जाणार, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. आमच्याकडे डाव्या हातानं देणं म्हणजे शिवी देणं. मग काय, दहा हजार माणसं टिंग करायच्या आधी 'डाव्या हाताची माफी' म्हणायला लागली. खोटं नाही सांगत, त्या गलक्यात ढोल ऐकू येईनात, आणि नदीतले मासेसुद्धा माफी मागत वर आले.

मी होतो होड्या बांधणाऱ्या टेटेच्या हातावर. त्याला लाकोशी लग्न करायचं होतं. लाकोच्या आईची, माकूची, जत्रेत केंकेची टपरी. आईनं होकार दिला तर लग्न, नाहीतर नाही. आणि तिनं त्याला अजून पाहिलं नव्हतं.

माकूचा यंत्रावर काडीचा विश्वास नव्हता.

"हे किंचाळलं म्हणजे पैसे आले? कुठायत? दाखव."

"आई, ते हवेतून जातात," लाको म्हणाली.

"हवेतून वास येतो गं. पैसे नाही."

तेवढ्यात टेटे आला. घाबरून दोन केंके गिळले, माफी म्हणायचं विसरला, आणि डावा हात थेट माकूच्या नाकाखाली धरला. टिंग.

माकूनं मला निरखलं, मग त्याला.

"लाको, हाच का तो तुझा?"

"हो."

"लग्नाच्या भेटीपण डाव्या हातानंच आणणार वाटतं."

"मावशी, त्यांनीच डावीकडे बांधलाय हो," टेटे म्हणाला. "निघत नाही, कापावा लागतो."

"मग काप."

"आई, कापला की फाटकाबाहेर काढतात. अजून दोन दिवसांची गाणी राहिलीत. वर्षभर वाट बघितलीय त्यानं."

"मी कुठं अडवलंय? ऐकू दे की डावा हात मांडीवर ठेवून."

टेटेनं माशांची सुरी उचलली. मी डोळे मिटले. त्यानं मला कापून उजव्या तळहातावर ठेवलं, डावा हात कोपराखाली धरला, वाकला.

"मावशी, एक मासा द्या."

टिंग. माकूनं मला उचलून हुंगलं.

"रविवारी घरी ये. थोरल्यांना घेऊन. रीतीप्रमाणे दार वाजवून मागणी घाला, मग बघू."

पहारेकऱ्यानं त्याला बाहेर नेलं. मला माकूनं घरी आणलं आणि उपड्या गाडग्याखाली कोंडलं. वर दगड. म्हणाली, "हा ऐकत असतो मेला."

मित्रांनो, आमच्यावर संशय जरूर घ्या. पोटातला तो दाणा कुणाला काय सांगतो, ते मलाही ठाऊक नाही. पण आम्हाला बांधताना हात बघून बांधा, आणि काम झालं की असं कोंडू नका.

आज रविवार. आत्ताच दार वाजलं, तीनदा. पावलं दारापाशी गेली. कडी काही निघाली नाही.

"टेटे," माकूनं आतूनच विचारलं, "कुठल्या हातानं वाजवलंस?"