पाव गिरकी

जिल्हा स्केटिंग स्पर्धेच्या यादीत शर्यतीची एकशेचार नावं होती आणि इनलाइन फिगरच्या, म्हणजे चाकांवरच्या उड्या-गिरक्यांच्या, रकान्यात एकच: मृदुला, वय एकेचाळीस. विजयनगरच्या रिंकवर ती चार वर्षं पहाटे पावणेसहाला येई, कारण साडेसहाला शर्यतीची मुलं आली की मधली जागा त्यांची. तिचे बूटही वेगळे. चाकं एका ओळीत, मधलं किंचित खाली, पुढे रबराचा ठोकळा. मुलं पळायची, ही गिरक्या घ्यायची. मुलांच्या आया तिला ‘डान्सवाली अक्का’ म्हणत आणि मुलांना चार हात लांब ठेवत, जणू सावकाशपणाची लागणच होईल.

तिची अडचण एवढीच, की उडी हवेत पुरी फिरली का, हे उडी मारणाऱ्याला कळत नाही. बघणारं माणूस लागतं, आणि तेच नव्हतं. फोन भिंतीला टेकवून पाहिला. त्यात हात दिसत, चाकं नाहीत. मग ती उजव्या चाकांना खडू घासून उडी मारी आणि मागे येऊन, वाकून रेघ वाची. रेघ सलग बाक घेत गेली तर गिरकी पुरी. सुरुवातीलाच गळाच्या आकड्यासारखी वळली, तर उरलेली गिरकी जमिनीवर उरकलेली. चार वर्षांत आकडेच जास्त.

पण आज स्पर्धेला परीक्षक होते, श्रीनिवासराव. ते तर पदक हातात घेऊनच उभे.

“अय्यो मृदुलाक्का, एकट्याच तुम्ही! सोनं तुमचंच की. उगीच कशाला दमता?”

“पदक राहू दे, राव. पहिली उडी पुरी फिरते का, तेवढं बघून सांगा.”

“बघतो हो. स्वल्प लवकर मात्र. बारा वर्षांखालची मुलं खोळंबलीत.”

सवयीने तिने खडू घासला. गाणं लागलं. तिने उडी मारली, गिरक्या घेतल्या, शेवटी हात वर करून थांबली. तीन टाळ्या. त्यातली एक डास मारल्याची.

श्रीनिवासराव कौतुकाने पुढे आले आणि स्टॉपवॉच तिच्यासमोर धरलं.

“दोन मिनिटं एकतीस! घड्याळावरून नजर हलवली नाही बघा मी.”

रागवायचं तरी कसं? परीक्षक म्हणून बाविसाव्या वर्षीही माणूस त्याच इमानाने शर्यतींची वेळ मोजत होता.

तेवढ्यात पलीकडून झाडूवाली तुळसी रिंक झाडत येताना दिसली.

“तुळसी, थांब गं!” मृदुला चाकांवरच धावली. वाकली. रेघ शाबूत होती. सुरुवातीलाच आकडा.

परत येऊन तिने गुणपत्रिका मागून घेतली आणि लिहिलं: उडी पाव गिरकी कमी.

“अहो, स्वतःचेच गुण कापता?” श्रीनिवासराव चक्रावले. “कुणी पाहिलंय इथं?”

“कुणीच नाही,” मृदुला म्हणाली, आणि परीक्षकाच्या जागी सही करून कागद त्यांच्या हातात दिला.

तुळसीने उरलेला रिंक झाडला. शिट्टीसाठी चौदा मुलं ओळीत उभी राहिली.