देवाच्या नावाचं कुलूप

मित्रांनो, कोपऱ्यावरची काच तडकलेला, पाठीला चिकटपट्टी लावलेला आणि तरीही रोज पहाटे हरिपाठ लावणारा मोबाइल तुम्ही कधी पाहिला आहे का? तो मी. आळ्याच्या गेणभाऊंच्या बंडीच्या खिशात माझं आयुष्य गेलं. सुखानं गेलं. यंदा मात्र मला असे धक्के बसले, की त्यांतून मी अजून पुरता सावरलेलो नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. कुणी माझी काच बसवली, कुणी बॅटरी. त्यांतला एकही चेहरा मला आठवत नाही. आठवतात ते गेणभाऊच. आळेफाट्याच्या दुकानात त्यांनी मला कानाला लावलं नाही, की माझ्यावर फोटो काढून पाहिला नाही. एवढंच विचारलं, "पावणं, ह्याच्यात कीर्तन नीट भरतंय का?"

दुकानदारानं माझं इंटरनेटवरचं खातं उघडलं आणि पासवर्ड विचारला.

"रामकृष्णहरी," गेणभाऊ म्हणाले.

"रामकृष्णहरी. आता पासवर्ड सांगा."

"त्योच की राव! माळकऱ्याच्या तोंडात दुसरं काय येनार?"

पुढं एक-दोन-तीन जोडून तेच माझं कुलूप झालं. घरी मला हळदकुंकू लागलं. बघता बघता भजनी मंडळातल्या सगळ्यांनीच आपापल्या मोबाइलला तेच कुलूप लावलं. विसरायची भीती नाही, आणि उघडताना नामस्मरणही होतं!

सप्ताह बसला की गेणभाऊ मला उपरण्यानं मांडवाच्या खांबाला बांधत. समोर चिमाजीबुवा कीर्तनाला उभे राहत. काय तो आवाज, मित्रांनो! बुवांनी चाल धरली की मृदंगाच्या आधी माझी काच थरथरायची. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी काल्याचं कीर्तन केलं, तेव्हा कृष्णाच्या खोड्या ऐकून हसणारी माणसं हसता हसताच डोळे पुसू लागली होती. ते सगळं मी भरून घेतलं. माझं पोट लहान. ते भरलं की कीर्तनं इंटरनेटवरच्या त्या खात्यात जात आणि माझ्यातली पुसली जात. तिथून ती गावोगाव ऐकली जात. "गेणभाऊ, तुमचा मोबाइल हाय का तंबोरा?" असं कुणी म्हटलं की मी खिशात फुगून बसायचो.

मग बुवांच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. बुवा वाचले, पण आवाज गेला. आता तो आवाज त्या खात्यात काय उरला होता तेवढाच.

इकडे माझी आबाळ सुरू झाली. मी अपडेट मागायचो आणि गेणभाऊ 'नंतर' दाबायचे. "आज एकादशी हाय, उद्या बघू." उद्या द्वादशी, परवा कांदाकाढणी. माझी भूक तशीच राहायची.

यंदा त्यांच्या सूनबाईनं, इंद्रायणीनं, सायबर सुरक्षेचा ऑनलाइन वर्ग लावला. अगदी नवशिक्यांचा. तिचा मोबाइल दुरुस्तीला गेलेला, म्हणून तिनं मला पिठाच्या डब्याला टेकवलं आणि भाकरी थापता थापता धडा ऐकू लागली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "जो शब्द दिवसभर तुमच्या तोंडात असतो, तो पासवर्ड ठेवू नका. चोर आधी तोच टाकून बघतो."

इंद्रायणीचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपली. सासऱ्यांना ती मामा म्हणते. "मामा, तुमच्या खात्याचा पासवर्ड ओळखू का?" असं म्हणत ती खात्यातून बाहेर पडली, तिनं तो शब्द टाकला, पुढं एक-दोन-तीन जोडलं, आणि मी पहिल्याच फटक्यात उघडलो! शरमेनं माझी काच काळी पडायची बाकी राहिली.

पुढचा धडा होता, खातं आणखी कुठं उघडं आहे ते तपासा. दोन मोबाइल दिसले. एक मी. दुसरा अनोळखी, मंचरचा. आणि जिथं बुवांच्या कीर्तनांची रांग असायची, तिथं भलतेच व्हिडिओ! ते उघडायलाही तिचं बोट धजेना. अनोळखी काही उघडू नका, असं कालच शिकवलं होतं.

गेणभाऊ वाकून माझ्यात कीर्तनं शोधू लागले. "देवाच्या नावाचं कुलूप, आन् चोर आत? आगं पोरी, बुवांचा आवाज ग्येला गं!"

इंद्रायणीनं तो मोबाइल खात्यातून हाकलला, पासवर्ड बदलला. तोच मी वाजलो. मंचरचे भिमाजी होते, बुवांच्या मागं गेणभाऊंच्या खांद्याला खांदा लावून उभे राहणारे टाळकरी.

"रामकृष्णहरी, गेणभाऊ! आवं, तुमचं खातं उघडंना! आमच्या पोरीच्या, आरतीच्या साखरपुड्याचं शूटिंग पावण्यांना दावायचं व्हतं."

गेणभाऊंनी मला तोंडाजवळ धरलं. "भिमाजी... तू माझ्या खात्यात व्हता?"

"माझं खातं भरलं व्हतं. तुमच्या बराकीत माझ्या कांद्याच्या पिशव्या न्हाई का ठिवत, तसं. कुलूप तर समद्यांचं एकच हाय."

"आन् माझी कीर्तनं?"

"कसली कीर्तनं? नुसतं आकडं लिवल्याल्या फाइली व्हत्या. जागा आडवत व्हत्या, म्हनून काढल्या."

"त्यो बुवांचा आवाज व्हता, भिमाजी."

पलीकडून हुंदका आला. चोर नव्हताच, मित्रांनो! चोरापेक्षा मोठा धक्का तो हाच. ज्या माणसानं त्या आवाजाला टाळाची साथ दिली, त्याच्याच बोटानं तो पुसला होता.

"थांबा, पुसलेलं काही दिवस कचरापेटीत राहतं," इंद्रायणी म्हणाली आणि एकेक कीर्तन परत काढू लागली. गेणभाऊ हात जोडून बघत होते. जवळजवळ सगळी आली. काल्याचं मात्र आलं नाही. ते भिमाजींनी आधीच कधीतरी पुसलं होतं. त्याची मुदत टळून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सगळे लेण्याद्रीच्या पायथ्याला बुवांच्या घरी गेले. भिमाजींनी पाय धरले ते सोडीनात. बुवांच्या कारभारीण धोंडाबाई म्हणाल्या, "उठा आता, भिमाजी. पाय धरून आवाज यायचा असता, तर म्या कवाच धरलं असतं!" बुवा नि:शब्द हसले. त्यांनी खुणेनं सगळ्यांना बसवलं आणि बोट फिरवलं: मी नाही, तुम्ही सांगा.

मग गेणभाऊंनी काल्याच्या कीर्तनातला गोपाळांच्या शिदोऱ्यांचा प्रसंग सांगितला. चाल भिमाजींना आठवली. कुठं अडलं की धोंडाबाई पुढची ओळ द्यायच्या. चुकलं की बुवा मांडीवर थाप मारायचे. मागं जाऊन पुन्हा सांगायचं. इंद्रायणीनं मला मध्ये ठेवलं होतं. आणि अचानक मी चपापलो. इतकी वर्षं ज्यांनी मला मांडवात बांधलं, त्या गेणभाऊंचा खरबरीत आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा भरून घेत होतो!

मित्रांनो, आपला आणि परका मला ओळखता येत नाही. शब्द जुळला की मी दार उघडतो, मग समोर चोर असो की जिवाभावाचा टाळकरी. म्हणून देवाचं नाव खुशाल मोठ्यानं घ्या, पण कुलपाचा शब्द मनात ठेवा, आणि दारागणिक वेगळा ठेवा. मी अपडेट मागितला तर मला एकादशी सांगू नका. दुसऱ्याचं काही पुसण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि ज्या आवाजावर तुमचा जीव आहे तो दोन ठिकाणी जपा. बुवांच्या आवाजातलं काल्याचं कीर्तन अजूनही कुणीतरी मला मागतं, आणि नाही म्हणताना मला फार जड जातं.