सोळाच्या खाली

मित्रांनो, मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. जुना म्हणजे तीनच हिवाळ्यांचा, पण शहापूरच्या आमच्या गल्लीत माझ्या जातीचा दुसरा कुणी नाही, म्हणून मोठेपण मलाच घ्यावं लागतं. खोलीतली ऊब मोजायची, कमी पडली की हीटर सुरू करायचा, पुरेशी झाली की बंद करायचा, एवढंच माझं काम.

जन्म माझा कारखान्यातला, पण मला जागं केलं ते स्वरूपनं. तो कॅनडात इंजिनिअर म्हणून नोकरीला असतो. त्याची आई जयाबाई तीस वर्षं हातमागावर साड्या विणते. थंडीत तिची बोटं आखडतात, तुटलेला धागा सांधता येत नाही. म्हणून तो दिवाळीला आला, तो मला आणि हीटरला घेऊनच. मेन स्विच बंद करून त्यानं फेज आणि न्यूट्रलच्या तारा माझ्या पोटात घट्ट कसल्या, तिसरी तार हीटरकडे नेली. बावीस अंश ठरवले, मला इंटरनेटला जोडलं. खोली सोळाच्या खाली गेली तर त्याच्या मोबाइलवर इशारा जावा, अशी सोयही केली.

जागेवरून मात्र वाद झाला. शेजारचे वायरमन परसूअण्णा म्हणाले, "देव्हाऱ्याजवळ नगं रं. दिव्याची धग लागंल ह्याला."

"नवी वस्तू देवाजवळच बसू दे," जयाबाई म्हणाली. आईपुढं इंजिनिअरचं काय चालणार?

पहिला हिवाळा माझ्या कौतुकाचा. स्वरूप तिकडून आकडा वर-खाली करायचा. माझा आकडा आपोआप बदलला की जयाबाई माग थांबवून मला पदरानं पुसायची. "आठवण आली बघा माझ्या लेकाला," असं परसूअण्णांना सांगायची.

दुसऱ्या हिवाळ्यात आकडा क्वचितच बदलू लागला. आठवड्याचा फोन महिन्यावर गेला. तेव्हा जयाबाईनं लेकाच्या नावानं नंदादीप लावला, नेमका माझ्याखाली.

इथंच घोटाळा झाला. रात्रंदिवस तेवणाऱ्या त्या दिव्याच्या धगीनं मी सव्वीस दाखवायचो आणि हीटर सुरूच करायचो नाही. नुसताच उभा असतो म्हणून जयाबाईनं त्याचं बटणही बंद करून टाकलं. लेकानं केलंय ते बरोबरच असणार, अशी तिची समजूत. कॅनडात स्वरूप सव्वीस बघून निश्चिंत, आणि इकडं जयाबाई शाल गुंडाळून, बोटं चोळत मागावर बसलेली. मला आकड्याशिवाय दुसरी भाषा नाही, आणि तो आकडाच खोटा. माझी मलाच लाज वाटायची.

यंदा जानेवारीत सदलग्याचे तिचे चुलत दीर वारले. सुतक आलं, देवाचा दिवा बंद झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी खऱ्या आकड्यावर आलो. पंधरा. लगेच फोन वाजला.

"आई, खोलीत पंधराच कसं? बरी हाईस न्हवं?"

"सुतक हाय रं. दिवा न्हाय लावला."

तिकडं स्वरूपला परसूअण्णांचं बोलणं आठवलं असावं. मग स्वरूप हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे इतकं दिस तू गारठ्यात बसलीस?"

"गारठ्याचं काय न्हाय रं. तुझा आवाज ऐकून लई दिस झालते."

त्या दिवशी मायलेक तासभर बोलले. सोळाच्या इशाऱ्याची गोष्टही तिला तेव्हाच कळली.

सुतक फिटल्यावर स्वरूपच्या सांगण्यावरून परसूअण्णांनी मला समोरच्या भिंतीवर हलवलं, हीटरचं बटण सुरू करून दिलं. आता मी खरं बोलतो. हीटर वेळेवर लागतो, बोटं मोकळी चालतात, खोली सोळाच्या खाली जात नाही. सगळं ठीक झालं, आणि फोन पुन्हा थांबले.

आज पहाटे जयाबाईनं दिव्यात तेल घातलं. मग हीटरचं बटण बंद केलं आणि खिडकी सताड उघडली. आता ती शाल पांघरून, मांडीवर फोन घेऊन माझ्याकडं बघत बसली आहे. एकोणीस होते, अठरा झाले, आत्ता सतरा.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राची निगा राखा, धूळ पुसा, असं मी सांगणार होतो. ते राहू द्या. तुमची आई लांब असेल तर तिला फोन करा. तिच्या सोळाची वाट बघू नका.