बेकरीवाल्यांनी बाहेर थांबावे

नवरा बेकरीवाला आणि बायको संशोधक, असा संसार कसा चालतो ते बघायचं असेल तर या दोघांकडे बघावं. हा पीठ फुगवणार, बाई गव्हाच्या काडाची साखर करणार. गल्लीत बाईंना सगळे 'काडीची डॉक्टरीण' म्हणायचे. काड आधी वाफेवर मऊ करायचं, मग त्यात एन्झाइम घालायची. ती काडाला तोडत तोडत त्याची साखर करतात. पुढे ती साखर यीस्टने खाल्ली की मद्यार्क, म्हणजेच इंधन. पण आधी यीस्ट टाकीत शिरली तर सगळंच मुसळ केरात. म्हणून प्रयोगशाळेच्या दारावर बाईंनी पाटी लावली होती: बेकरीवाल्यांनी बाहेर थांबावे. तिथे येणारा बेकरीवाला एकच होता.

त्या दिवशी काम तपासायला समिती येणार होती. साखर दिसली तर काम चालू, नाहीतर टाकी भंगारात. समितीच्या साहेबांनी हे हसत हसत सांगितलं होतं, म्हणजे ते अगदी खरं होतं. आदल्या संध्याकाळी साखर भरपूर होती. टाकी निवत ठेवून बाई खुर्चीत जरा टेकल्या, तर डोळाच लागला. जाग आली तेव्हा न्यायला आलेला नवरा समोर उभा होता.

सकाळी त्यांनी पट्टीवर टाकीतला थेंब टाकला. यंत्र साधंच, मधुमेहवाले बोट टोचून वापरतात ते. आकडा जवळजवळ शून्य. साखर उतरावी म्हणून लोक मैलोन्‌मैल चालतात. बाईंची फुकटात उतरली आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. झाकण उघडलं तर वर फेस, आणि एक वास. तो वास त्या ओळखून होत्या. लग्न झाल्यापासून घरभर तोच होता.

त्यांनी फोन लावला. "अहो, काल टाकीला हात लावलात?"

"हात नाही लावला."

"मग काय लावलं?"

"माझं उलथणं," नवरा म्हणाला. "तुझं ढवळायचं यंत्र अडकलं होतं. तू इतकी दमून झोपलेली, उठवायचं जिवावर आलं. म्हटलं गाळ तळाशी बसेल, म्हणून जरा ढवळलं."

"धुतलेलं होतं?"

बेकरीवाल्याचं उलथणं कधी धुतलेलं असतं का? आंबलेल्या पिठाचा थर त्याच्यावर कायमचा मुक्कामाला.

समिती आली. साहेबांनी आकडा पाहिला. "बाई, साखर कुठाय?"

"यीस्टने खाल्ली."

"कशावरून? मुळात झालीच नसेल."

"साहेब, ताट चाटूनपुसून लख्ख झालं, म्हणून कोणी जेवण वाढलंच नव्हतं म्हणतं का? झाकण उघडा आणि वास घ्या."

साहेबांनी वास घेतला, जरुरीपेक्षा जास्त वेळ. मग बाकीच्यांनी घेतला. एका सदस्याने दोनदा.

"म्हणजे हे इंधनच की," साहेब म्हणाले. "पण तुम्ही साखर कबूल केली होती. पुढच्या पाहणीला आधी साखर दाखवा, मग हे. तोवर टाकी राहू दे. आणि यीस्ट हीच वापरा, चांगली खादाड दिसते."

समिती गेली. बाई दाराशी आल्या. नवरा धापा टाकत दाराबाहेर, पाटीच्या बरोबर समोर उभा होता, अंगात नेहमीचा पिठाळ एप्रन.

"टाकी वाचली?"

"वाचली. तुमचा मला भयंकर राग आलाय."

"येणारच."

"उठवलं नाहीत, त्याचा नाही आला." बाईंनी डोळे पुसले. "बरं, ते उलथणं द्या इकडे. टाकीतली गाळात मिसळलीय, तीच यीस्ट वेगळी हवीय मला."

नवऱ्याचा चेहरा पडला. "अगं, फोन ठेवला आणि आधी ते घासलं. उकळत्या पाण्यात घालून, दोनदा."

बाईंनी कपाळाला हात लावला. जन्मात कधी न धुतलेलं उलथणं, आणि मुहूर्त आजचाच लागला.

"पण भट्टीपाशी पिठाचं विरजण आहे डबाभर," तो घाईघाईने म्हणाला. "त्यातलंच ते. आणू?"

"आणा," बाई म्हणाल्या. "पण पाटीच्या पलीकडेच ठेवा. मी येते बाहेर."