हलतं तेवढंच दिसतं

आमच्या वाइंडिंगच्या खोलीत कॅमेरा लावायला हिराइदे स्वतः आला होता, हे आधीच सांगून टाकते. नंतर लोक म्हणायचे, बिचाऱ्याला काय ठाऊक, तो आपला इंजिनिअर माणूस, वरच्यांनी त्याला वापरून घेतलं. घेतलंही असेल. पण शिडीवर तो चढला होता, स्क्रू त्याने आवळले होते, आणि खाली उतरून हात पुसत माझ्याकडे बघून हसलाही होता.

"ओगुचीसान, जरा उठता का? हं. आता बसा. आता अजिबात हलू नका."

मी उठले, बसले, दगडासारखी राहिले. टेबलावरच्या त्याच्या रेकॉर्डरचा लाल दिवा मी उठले की लागायचा, स्थिर झाले की विझायचा. पोर पहिल्यांदा चालायला लागलं की बाप जसा बघतो, तसा तो त्या दिव्याकडे बघत होता.

"काही घडत नसलं की हा झोपतो," तो आम्हा बायकांना सांगू लागला. "रिकाम्या गोदामावर टेप कशाला फुकट घालवायची? काही हललं की जागा होतो, चित्र घेतो, पुन्हा झोपतो. एकच टेप कितीतरी दिवस पुरते."

"मग इथे कशाला लावताय? आम्ही काय गोदाम आहोत?" माझ्या शेजारच्या ताकेयोने विचारलं.

"चाचणी आहे. विकायला काढायच्या आधी खऱ्या खोलीत चालवून बघायचं. शिवाय उद्या चोरीबिरी झाली तर..."

"चोरायचं काय? हे तिळाएवढे तुकडे? नाकात गेले तर शिंकेबरोबर निघून जातील."

सगळ्या हसल्या. तोही हसला. हिराइदेचा तेव्हा कुणालाच राग नव्हता. सुवाच्या तळ्याकाठच्या आमच्या ओकाया गावात तो वाढलेला, आणि कारखान्यातल्या निम्म्या व्हिडिओ यंत्रांमध्ये त्याचं डोकं होतं. खांद्यावर घेऊन फिरता येईल असा रेकॉर्डर त्यानेच बनवला होता. जोरात पळवली तरी चित्र न फाटणारी टेप त्याच्याच युक्तीची. पेटंट अर्थात कंपनीच्या नावावर.

आमचं काम त्या यंत्रांच्या पोटातलं. तिळाहून लहान तुकड्यावर केसाहून बारीक तार गुंडाळायची, तीही सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून, श्वास रोखून. बोटांची फक्त टोकं हलवायची. खांदा हलला की तार तुटलीच. चांगली वाइंडर म्हणजे न हलणारी बाई, आणि मी चांगली होते.

माझी आई याच गावात रेशमाच्या गिरणीत कोश सोडवायची. उकळत्या पाण्यात बोटं, आणि पाठीमागे फिरणारा मुकादम. मला वाइंडिंगची नोकरी लागली तेव्हा ती म्हणाली होती, "बरं झालं, तुझ्या मागे कुणी उभं राहणार नाही."

डोळे मात्र जायला लागले होते. संध्याकाळी घरी परतताना समोरून येणारा माणूस मला दोन दिसायचा. ताकेयोचंही तेच. म्हणून विभागाच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सरळ मागितलं: दर तासाला थोडा वेळ डोळ्यांना विसावा द्या. कंपनीच्याच डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळे चुरचुरले की उठा, खिडकीशी जा, लांब तळ्याकडे बघा. तेच सगळ्यांना नियमाने मिळू दे, एवढंच म्हणणं.

आमचे विभागप्रमुख कामिजो. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. "ओगुचीसानचं म्हणणं आम्ही लक्षात ठेवतो," ते म्हणाले, आणि त्यांनी ते लक्षात ठेवलंच. पुढच्याच आठवड्यात शिडी आली. कॅमेरा खोलीकडे बघत नव्हता, माझ्या टेबलाकडे बघत होता. मला ते तेव्हा खटकलं नाही. खटकायला हवं होतं.

शरद ऋतूत मला वर बोलावलं. खोलीत कामिजो, आणखी एक साहेब, आणि टीव्ही. कामिजोंनी मला खुर्ची दिली, चहा दिला, मग टेप लावली.

पडद्यावर मी होते. उठतेय, खिडकीकडे जातेय, परत येतेय, बसतेय. बसले न बसले तोच पुन्हा उठतेय. डोळ्यांत औषध घालतेय, पुन्हा उठतेय. पायाखाली निखारे पसरलेत अशी एक बाई उठबस करत होती, आणि ती मी होते. माझाच निळा झगा, माझीच टोपी.

"ह्या तुम्हीच ना, ओगुचीसान?"

"मीच. पण मी अशी..."

"कुणीही तुम्हाला दोष देत नाहीये. हे काम तुम्हाला झेपत नाही, इतकंच. स्वतःहून सोडलंत तर दोन्ही बाजूंना बरं. पुढे दुसरीकडे अर्ज करताना तुम्हाला त्रास नको."

मला कानशिलात मारली असती तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "मी सोडणार नाही." ते हसले, माझा चहा तसाच राहिला होता तो बाजूला सरकवला, आणि मग त्यांनी मला काढून टाकलं.

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं. तो सोयाबीन आंबवून मिसो बनवणाऱ्या कारखान्यात पिंपांवर काम करायचा, भांडणापासून चार हात लांब राहायचा. "जाऊ दे," तो म्हणाला, "माझ्याकडे पॅकिंगला बायका लागतात." भाताचा वाडगा हातात धरून आईने एवढंच विचारलं, "म्हणजे आता मुकादम छताला लटकतो का?"

सगळ्यात वाईट सांगू? काही दिवस मला त्या टेपचंच खरं वाटायला लागलं. डोळ्यांनी बघितलं होतं ना. वाटायचं, आपण खरंच असं वागत असू, आपल्याला कळत नसेल. एवढी वर्षं पाठ मोडून बसले, आणि एका टेपने मला माझ्याच मनात कामचुकार ठरवलं. त्याचा राग मला अजून आहे. नोकरी घेतली तो एक भाग झाला, पण हे दुसरं घ्यायचा त्यांना काय अधिकार होता?

युनियनचा माणूस कामिजोंबरोबर हिवाळ्यात तळ्यावर मासे धरायला जायचा, त्यामुळे तिथे काही होण्यासारखं नव्हतं. ताकेयोने मला ओढत नागानोला श्रम आयोगाकडे नेलं. तक्रार नोंदवून परत येताना गाडीत तीच म्हणाली, "मासुए, मी तुझ्या शेजारी बसते. तू ताठ बसलेली असायचीस. तासन् तास. ते कुठे गेलं त्या टेपमधलं?"

एकदम मला तो लाल दिवा आठवला. आता अजिबात हलू नका. काही घडत नसलं की हा झोपतो.

मी काम करत होते तेव्हा तो झोपलेला होता. मी उठले तेवढं त्याने घेतलं, एकाला एक चिकटवून. मी जितकं चांगलं काम करत होते तितकी त्याला दिसत नव्हते.

रविवारी मी हिराइदेच्या घरी गेले. नोझावानाची पालेभाजी लोणच्यासाठी मुरवायला घालायचे दिवस होते. गल्लीतल्या गरम झऱ्याच्या हौदावर बायका जुड्या धूत होत्या, आणि त्यांच्यात हिराइदेही बायकोबरोबर बाह्या वर करून बसला होता. मला पाहून त्याच्या हातातली भाजी पाण्यात पडली. तेवढ्यावरूनच मला कळलं की याला ठाऊक आहे.

"ओगुचीसान, आत या ना, चहा..."

"चहा कामिजोंनी पाजला. तुमचं यंत्र झोपतं की नाही?"

तो उभा राहिला, हातातून पाणी ठिबकत होतं.

"त्यांनी टेप कशासाठी नेली ते मला सांगितलं नव्हतं."

"आता कळलंय ना?"

"आता... कळलंय."

"किती दिवस झाले कळून?"

तो वाकून पाण्यात पडलेली भाजी काढू लागला.

"गप्प बसायला सांगितलंय का तुम्हाला?"

"तसं कुणी सांगत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "नवीन प्रयोगशाळेचं चाललंय. माझ्या हाताखाली माणसं आहेत, त्यांची घरं आहेत. आणि हे बघा, मी यंत्र बनवतो. ते कुठे लावायचं, त्याचं काय करायचं, हे ठरवणारे दुसरे..."

"शिडीवर कोण चढलं होतं?"

तो बायकोकडे बघू लागला.

"मी विचारतेय, हिराइदेसान. शिडीवर कोण चढलं होतं? कामिजो? मला उठा-बसा कोण सांगत होतं? तुमचा दिवा लागावा म्हणून मी तुमच्यासाठी माकडासारखी उठले-बसले. आणि तुम्ही हसलात."

माझा आवाज सगळ्या गल्लीत गेला असेल. आयुष्यात मी कुणाशी अशी बोलले नव्हते. समोरच्या टोपलीतली ओली जुडी उचलून त्याच्या अंगावर फेकावी असं वाटत होतं, आणि मी फेकलीही. त्याच्या छातीवर लागली. त्याने पुसलं नाही.

त्याची बायको इतका वेळ मान खाली घालून धूत होती. ती तशीच म्हणाली, "गेला महिनाभर हे झोपत नाहीयेत. मी विचारलं तर सांगत नव्हते." मग माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "पण न झोपून या बाईंना काय मिळालं?"

सुनावणी बर्फ पडायला लागल्यावर झाली. कंपनीने ते यंत्र आणलं होतं आणि यंत्राबरोबर हिराइदेलाही, त्यात खोट नाही हे सांगायला. तो आत आला तेव्हा माझ्याकडे त्याने बघितलं नाही. मी म्हटलं, झालं, हाही गेला.

टेप लावली. पुन्हा ती उठबस. आयोगाच्या एका सभासदाने नाक खाजवलं, आणि मला कळलं की त्याचं मत झालंय.

"हिराइदेसान," अध्यक्षांनी विचारलं, "यंत्रात काही बिघाड?"

"नाही. यंत्र अगदी बरोबर चालतंय."

कामिजोंनी समाधानाने मान हलवली.

"बरोबर चालतंय म्हणूनच ही टेप खोटी आहे," हिराइदे म्हणाला. "न हलणारा माणूस याला दिसत नाही. मी ते तसंच बनवलंय. परवानगी असेल तर दाखवतो."

कंपनीचा वकील उठला, पण अध्यक्षांनी हात वर केला. हिराइदेने कॅमेरा कामिजोंकडे वळवला. "साहेब, समोरचे कागद वाचत बसा. मी सांगेन तेव्हा उठा." नाही म्हणायची सोय नव्हती. कामिजो वाचत बसले. बराच वेळ गेला. मग तो म्हणाला, उठा. बसा. पुन्हा बराच वेळ. खोलीत शेगडीची घरघर तेवढी येत होती. पुन्हा उठा, बसा.

मग त्याने ती टेप सगळ्यांना दाखवली. पडद्यावर विभागप्रमुख कामिजो खुर्चीतून उठत होते, बसत होते, उठत होते, बसत होते. वाचणं कुठेच नव्हतं.

लोक हसले. अध्यक्षसुद्धा हसले. ताकेयोने तर तोंडावर रुमाल धरला. मला हसू आलं नाही. कामिजोंवर ती वेळ आली तेव्हा सगळ्यांना पटकन कळलं की हे खोटं आहे. माझ्या वेळी कुणाला का कळलं नाही? साहेब माकड दिसला की यंत्र चुकलेलं असतं, आणि बाई दिसली की बाई चुकलेली असते. मला उठून हे म्हणायचं होतं. मी म्हटलंही, पण हसण्यात ते कुणाला ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही.

कंपनीने निकालाची वाट पाहिली नाही, मला परत घेतलं. विसाव्याचा नियमही झाला, पण तो "व्यवस्थापनाच्या कल्पनेतून" आला असं फळ्यावर लिहिलं होतं. ते मी ओल्या फडक्याने पुसलं. पुन्हा लिहिलं, मी पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा कुणी लिहिलं नाही. कामिजो मला रोज सुप्रभात म्हणायचे, तेच हसू घेऊन. मी उत्तर द्यायची नाही. बायका म्हणायच्या, पुरे आता. का पुरे?

हिराइदेला नवीन प्रयोगशाळा मिळाली नाही. त्याला किनाऱ्याकडच्या एका सुट्या भागांच्या गोदामावर पाठवलं. जायच्या आधी त्या यंत्रात त्याने एक गोष्ट घालून घेतली, त्यासाठी म्हणे वरच्यांशी टेबल आपटून भांडला: प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तास आणि मिनिटं उमटायची. म्हणजे मधला गाळलेला वेळ कुणालाही दिसावा. ते यंत्र पुढे पुष्कळ खपलं. दुकानांत, स्टेशनांत, आणि कारखान्यांतही.

नव्या वर्षाला तो गावी आला तेव्हा आमच्या दारात उभा राहिला, हातात संत्र्यांची पिशवी. मी त्याला आत घेतलं. आईने त्याच्यापुढे तांदळाच्या चिकट मोची टाकलेलं गरम सूप ठेवलं. तो खाली बघून खात राहिला, मग म्हणाला, "ओगुचीसान, राग गेला का?"

"नाही."

"माझ्यावरचा?"

"तुमच्यावरचा थोडा कमी झालाय. गेलेला नाही."

त्याने मान डोलावली. आईने त्याच्या वाडग्यात आणखी एक मोची टाकली, आणि तो ती चावत बसला.