वीस मिनिटांनी मोठी

राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाकडे दोनच नावं उरली होती आणि ती दोन्ही एकाच घरातली निघाली. जुळी भावंडं. बहीण वीस मिनिटांनी मोठी. भाऊ तिला एरवी नावाने हाक मारायचा. काम असलं की 'ताई' म्हणायचा. पक्षातले लोक मात्र बारा महिने तिला ताईच म्हणत, आणि त्याला भाऊ.

दोघं अडुसष्ट वर्षांची होती, पण पक्षात ते वय एकसारखं धरलं जात नसे. वडील गेले आणि त्यांची जागा रिकामी झाली, तेव्हा दोघं तिशीत होती. भाऊ 'तरुण रक्त' ठरला. ताई 'अजून पोर आहे' म्हणून थांबली. आता भाऊ मुरलेला होता आणि ताई थकलेली. मधे कधीतरी तिचं वय अगदी योग्य झालंच असणार. ते बहुधा एखाद्या दुपारी होऊन गेलं, आणि नेमकी त्या दुपारी समितीची बैठक नव्हती.

पुढे ताई स्वतःच्या बळावर निवडून आली आणि तिने दोनदा अर्थखातं चालवलं. भाऊने परराष्ट्र खातं सांभाळलं. म्हणजे तो परदेशी जायचा आणि ताईने लिहून दिलेलं भाषण वाचून यायचा. वाचायचा मात्र सुरेख.

या वेळी ताईला पद हवं होतं. तिने ते सकाळी नाश्त्याच्या टेबलावर भावाला सरळ सांगितलंही.

"मला हवंय. तुला हवंय का?"

"मला कसलं? लोक म्हणतात म्हणून."

"लोक म्हणतात म्हणून तू एकदा विहिरीतही उडी मारली होतीस. बाहेर कोणी काढलं?"

भाऊने अंड्यावर मीठ टाकलं आणि विषय बदलला.

निवड समितीची बैठक पक्षकार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर होती. समितीप्रमुखांना सगळे काका म्हणत. ते एकोणऐंशीचे. लिफ्टने वर आले, तरी बैठक सुरू होण्याआधी बराच वेळ नुसते श्वास घेत बसले. मग त्यांनी ताईंना आत बोलावलं.

"ताई, प्रकृती कशी?"

"ठणठणीत."

"नाही, म्हणजे गुडघे वगैरे?"

"आहेत. दोन्ही आहेत."

खजिनदारांनी घसा साफ केला. "रात्रीचे दौरे झेपतील का, असा प्रश्न येतो."

"गेल्या निवडणुकीत आपण एकाच गाडीत होतो. तुम्ही घोरत होता, म्हणून मी जागी होते."

"आणि नातवंडं? त्यांचं कोण बघतं?"

"त्यांची आई बघते. बापही आहे. तुमच्या नातवंडांचं कोण बघतं?"

खजिनदारांना ते आठवेना. तेवढ्यात ताईंना खोकला आला. एसीचा झोत नेमका त्यांच्या डोक्यावर येत होता. खोकला एकदाच आला, पण समितीने एकमेकांकडे पाहून घेतलं. खजिनदारांनी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी पुढे सरकवला, रुग्णालयात सरकवतात तसा.

प्रचारप्रमुख पस्तिशीचा होता. त्याने लॅपटॉपवरून मान वर केली. "लोकांना चेहरा ताजा लागतो, ताई."

"आम्ही दोघं एकाच दिवसाचा माल आहोत."

"भाऊंचं वेगळं आहे. पुरुषाच्या सुरकुत्यांत अनुभव दिसतो."

"आणि माझ्या?"

त्याला लॅपटॉपमध्ये एकदम काहीतरी महत्त्वाचं सापडलं.

मग भाऊ आत गेले. त्यांना जगातल्या घडामोडींवर विचारलं. "हे पाहा," असं म्हणून भाऊंनी डोळे मिटले आणि ते उघडले नाहीत. जेवण होऊन फार वेळ झाला नव्हता.

"विचार करताहेत," काका दबक्या आवाजात म्हणाले. खजिनदारांनी एसी कमी केला. काही वेळाने भाऊ दचकून म्हणाले, "तर असं आहे."

"किती मोजकं बोलतात," खजिनदार म्हणाले.

निर्णय सांगायला दोघांना एकत्र बोलावलं. समितीचे चेहरे पाहूनच ताई काय ते समजल्या.

"ताई, तुम्ही मोठ्या आहात," काकांनी सुरुवात केली. "जरा मन मोठं..."

"करते. माघार घेते. फक्त बहीण म्हणून चार गोष्टी सांगून ठेवते."

समिती सैलावली. खजिनदारांच्या चेहऱ्यावर माया दाटून आली.

"सकाळच्या गोळ्या हातावर ठेवल्याशिवाय तो घेत नाही. जेवणानंतर त्याला कोणी पाहुणे भेटवू नका, मगाशी पाहिलंतच. परदेशी पाहुण्यांची नावं आदल्या दिवशी पाठ करून घ्यावी लागतात. भाषण लिहून द्यायचं. आणि अंदाजपत्रक त्याला सफरचंदं मांडून समजवावं लागतं."

"हे सगळं करायला तुम्ही आहातच की," खजिनदार हसून म्हणाले. "मग काळजीच मिटली."

"मी नाहीये."

"म्हणजे?"

"वय झालं ना माझं. गुडघे, नातवंडं, रात्रीचे दौरे. मला काही सुचलं नव्हतं, तुम्हीच एकेक करून पटवून दिलंत. त्यात हा खोकला. उद्यापासून मी दुपारची झोपणार आहे."

समितीने भाऊंकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच नीट पाहिलं. भाऊ बहिणीकडे पाहत होते.

"ताई," ते म्हणाले. काम होतं. "सोमवारच्या सभेचं भाषण?"

"लिही की. मुरलेला आहेस."

"विषय तरी सांगशील?"

ताई खजिनदारांनी दिलेलं पाणी सावकाश प्यायल्या. भाऊंनी कोटाचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"काका, मला नाही झेपणार हे. खरं सांगू का? मगाशी मला झोपच लागली होती."

"असं काय करता, भाऊ? असं वय तरी काय आहे तुमचं?"

"हिच्याएवढंच."

काकांनी मनातल्या मनात हिशेब केला, मग बोटांवर केला. उत्तर तेच आलं.

"ताई," शेवटी ते म्हणाले, "तुमची ती दुपारची झोप..."

"पुढे ढकलते," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर दोघांचे फोटो शेजारीशेजारी आले. ताईंच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'अडुसष्टाव्या वर्षी आजीबाई रिंगणात. प्रकृती साथ देणार का?' भाऊंच्या फोटोखाली होतं, 'तरुणांना वाट मोकळी. भाऊंचा मोठेपणा.'

भाऊने नाश्त्याच्या टेबलावर दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या. सुरेख वाचल्या.

"तरुण कोण गं?"

"मीच असणार. दुसरं कोणी उभं नाहीये."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. भाऊने सवयीने गोळ्यांसाठी तळहात पुढे केला. तिने त्या हातावर पेपरची घडी ठेवली आणि पर्स उचलली.

"डबी फ्रिजमध्ये आहे," ती दारातून म्हणाली. "वरच्या खणात. हात पुरतो तुझा."