शून्यापासून मोजलेले खण

चिंगीला ही नोकरी ताईनंच मिळवून दिली होती, आणि आता त्याचाच ताईला पस्तावा होत होता.

औषधांच्या त्या घाऊक कंपनीत ताई नऊ वर्षं सर्व्हर सांभाळत होती. चिंगी तिची मामेबहीण, बारा वर्षांनी लहान. आली आणि चार महिन्यांत मालकांच्या तोंडी 'मॅडम' झाली. ताई मात्र मालकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांची ताईच राहिली. घरीही तेच. "चिंगीचं डोकं कसं चालतं बघ," आई भाजी निवडता निवडता म्हणायची, जणू ताईच्या खांद्यावर नुसतंच मडकं होतं.

खरी ठिणगी पडली ती डिस्कवरून. सर्व्हरच्या जुन्या पेटीत आठ नव्या डिस्क बसवायच्या होत्या. ताईचा आराखडा साधा होता: एका डिस्कइतकी जागा राखीव ठेवायची, म्हणजे कुठलीही एक मेली तरी उरलेल्या सातांवरून तिच्यातली माहिती पुन्हा उभी करता येते. चिंगी म्हणाली, दोन डिस्कइतकी ठेवू.

"एकदम दोन कशाला मरतील?" ताईनं मालकांसमोरच विचारलं.

"ताई, आठही एकाच खोक्यातून आल्यात, एकाच वयाच्या. एक गेली की तिच्या जागच्या नवीत माहिती भरायला दिवस जातो. तेवढ्यात दुसरीनं मान टाकली तर?"

"आणि जागा फुकट जाईल ती?"

"मॅडम म्हणतात तसं करा," मालक म्हणाले. विषय संपला. ताईच्या पोटात मात्र तो संपला नाही.

सात महिन्यांनी, सकाळी अकराला, दुकानदारांचे फोन ऐन भरात असताना पडद्यावर ओळ उमटली: तीन क्रमांकाची डिस्क निकामी. काम चालू राहिलं, जरा मंदावलं इतकंच. चिंगी नवी डिस्क घेऊन पेटीपुढे उकिडवी बसली. मालक दारात उभे. पेटीवरचे बिघाडाचे दिवे कधीच गेले होते; खण ओळखायचा तो चिकटपट्टीवरच्या आकड्यावरून. पट्ट्या ताईच्या हातच्या, एक ते आठ.

यंत्र मात्र शून्यापासून मोजतं. यंत्राचा तीन म्हणजे ताईचा चार. नऊ वर्षं पेटीला दुसऱ्या कुणाचा हातच लागला नव्हता, त्यामुळे हे सांगायची वेळ कधी आली नव्हती.

चिंगीचा हात 'तीन' लिहिलेल्या खणाकडे गेला. तिथं धडधाकट डिस्क होती.

"थांब" हा शब्द ताईच्या अगदी ओठांवर आला. तेवढ्यात मालक म्हणाले, "बघा ताई, मॅडमचा हात कसा सराईत!"

ताईनं शब्द गिळला. पडू दे एकदा तोंडावर. एकदाच.

खटका दाबला गेला, डिस्क बाहेर आली आणि पेटी कर्कश ओरडू लागली. ताईनं डोळे मिटले. आता पलीकडच्या खोलीतून, फोनवर ऑर्डरी उतरवणाऱ्यांकडून "अहो, गेलं सगळं!" असा ओरडा यायला हवा होता. आला तो कीबोर्डांचा खडखडाट, मघासारखाच. एक डिस्क मेलेली, एक बाहेर, आणि काम चालू. ताईच्या आराखड्यात आत्ता सगळं आडवं झालं असतं.

"अगं बाई," चिंगी पडद्याकडे पाहून म्हणाली. "हे शून्यापासून मोजतंय. चुकीची ओढली. माझंच चुकलं साहेब, आधी ताडून बघायला हवं होतं."

पट्ट्यांबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. ताईला तेच जास्त झोंबलं.

"काम चालू आहे ना? मग झालं तर!" मालक निघून गेले.

चिंगीनं ओढलेली डिस्क परत बसवली, मेलेली बदलली. दोन्हींत माहिती पुन्हा भरू लागली. ताईनं नखानं जुन्या पट्ट्या खरवडल्या आणि शून्यापासून नव्या लिहायला घेतल्या. चिंगी चिकटपट्टी कापून देत होती.

"ताई, शून्याचं तुला माहीत होतं ना?"

"हो."

"मग मघाशी लक्षात नाही आलं?"

'नाही' म्हणणं किती सोपं होतं! पण आज आणखी काही गिळायची तिच्यात ताकद नव्हती.

"आलं होतं," ताई म्हणाली.

कात्री थांबली. मग चिंगीनं तिच्या हातातून पेन घेतलं, शेवटच्या पट्टीवर सात लिहिलं आणि ती नीट दाबून चिकटवली.

"पुढच्या वेळी मी डिस्क बदलत असेन ना," दाराशी जाऊन ती म्हणाली, "तेव्हा तू बाहेर थांब."